कृत्रिम हृदयाची किल्ली : हृदयपंप आणि जगण्याची प्रत

१/ २ डिसेंबर १९८२. अमेरिकेतील युटा विद्यापीठात शल्यविशारद विल्यम डीव्रीज यांनी ६१ वर्षांचे दंतवैद्य बार्नी क्लार्क यांच्या छातीत 'जार्विक-७' हे कृत्रिम हृदय बसवले. रुग्णाने आयुष्यभर वापरावे, या हेतूने बसवलेले हे पहिलेच कृत्रिम हृदय.

२/ ते दाबाखालील हवेवर चाले. हवा पुरवणारे यंत्र दीडशे किलोंहून अधिक वजनाचे होते आणि दोन नळ्यांनी क्लार्क त्याला कायमचे जखडलेले होते. झटके, रक्तस्राव, मनाचा गोंधळ हे सारे सोसून ११२व्या दिवशी त्यांचे निधन झाले. रुग्णालयातून ते घरी परतलेच नाहीत.

३/ यंत्र बंद करण्याची एक किल्ली मात्र त्यांना देण्यात आली होती. जगणे असह्य झाले, तर थांबण्याचा अधिकार रुग्णाचाच, ही त्यामागची भूमिका. क्लार्क यांनी ती कधी वापरली नाही; पण हृदय चालू राहणे म्हणजेच जगणे का, हा प्रश्न तिने कायमचा उभा केला.

४/ पुढे मार्ग बदलला. हृदय काढून न टाकता त्याच्या डाव्या बाजूला मदत करणारे पंप आले. हृदयरोपणास अपात्र अशा १२९ रुग्णांवरील 'रीमॅच' चाचणीचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. वर्षअखेरीस पंप बसवलेल्यांपैकी ५२ टक्के हयात होते. केवळ औषधांवर असलेल्यांपैकी २५ टक्के.

५/ या चाचणीत आयुष्याच्या लांबीबरोबर त्याची प्रतही मोजली गेली. वर्षभर तगलेल्या पंपधारकांचे दैनंदिन जीवन तुलनेने सुसह्य होते. परंतु जंतुसंसर्ग आणि यंत्रबिघाड यांनी अनेकांचा बळी घेतला. दोन वर्षांनी पंपधारकांतही केवळ २३ टक्के उरले.

६/ दरम्यान २००० साली ऑक्सफर्डमध्ये स्टीफन वेस्टाबी यांनी पीटर हॉटन यांना 'जार्विक २०००' हा अंगठ्याएवढा, अखंड फिरणारा पंप बसवला. त्याची वीजजोडणी कानामागे होती. मरणाच्या दारातून परतलेले हॉटन साडेसात वर्षे जगले, हिंडले-फिरले, त्यांनी पुस्तकही लिहिले.

७/ अशा पंपातून रक्त सलग वाहते. म्हणून अनेकांची नाडी हाताला लागतच नाही. पोटातून बाहेर येणारी वायर, खांद्यावर बॅटऱ्या, रात्री भिंतीतल्या प्लगची सोबत, रक्त पातळ ठेवणारी औषधे. पोहणे वर्ज्य, आंघोळही जपून. घरच्या माणसालाही हे सारे शिकून घ्यावे लागते.

८/ चुंबकीय बळावर तरंगत फिरणाऱ्या 'हार्टमेट ३' पंपाच्या चाचणीत पाच वर्षांनंतरचे जीवितमान सुमारे ५८ टक्के आढळले. यंत्र सुधारले, प्रश्न उरला. २०१३ साली अमेरिकेच्या 'मेडिकेअर' या सरकारी आरोग्यविम्याने कायमस्वरूपी पंप बसवणाऱ्या चमूत उपशामक सेवेचा तज्ज्ञ असण्याची अट घातली.

९/ पंप कधी थांबवावा, याची चर्चा आता तो बसवण्याआधीच व्हावी अशी अपेक्षा असते. क्लार्क यांच्या उशाशी असलेल्या किल्लीची जागा या संवादाने घेतली आहे.