आठ किलोमीटरांचे अंतर

साकाए त्सुबोई ह्या जपानी लेखिकेची 'चोवीस डोळे' ही कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. सेतोच्या अंतर्देशीय समुद्राकाठचे एक गाव, त्याच्या भूशिरावरची छोटी शाखा-शाळा, पहिलीतील बारा मुले आणि १९२८ साली तेथे रुजू झालेली ओइशि ही तरुण शिक्षिका, येथून कथेला आरंभ होतो. युद्धविरोधी साहित्यकृती म्हणून ही कादंबरी वाचली जाते, आणि ते योग्यच आहे. येथे मात्र आम्ही तिच्याकडे दुर्गम शाळेच्या इतिहासाचे एक साधन म्हणून पाहणार आहोत.

आरंभीच लेखिका शाळेची व्यवस्था सांगते. चौथीपर्यंतची मुले भूशिरावर शिकतात. पाचवीपासून पाच किलोमीटर चालत मुख्य गावच्या शाळेत जातात. शाळा द्विशिक्षकी आहे. निवृत्तीला टेकलेले गुरुजी शाळेलगतच्या खोलीत राहतात. बाई मात्र रोज दुरून ये-जा करतात. बाईंच्या जागी नवशिकी, अपुऱ्या पात्रतेची मुलगी पाठविण्याची रीतच पडलेली आहे. त्यामुळे अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेली ओइशि येते, हीच गावाला नवलाची गोष्ट वाटते.

तिचे घर आठ किलोमीटरांवर आहे. म्हणून ती हप्त्यांवर सायकल घेते आणि आईच्या जुन्या किमोनोचा पाश्चात्त्य पोशाख शिवते. गावाला ह्यात तोरा दिसतो; वस्तुतः तो अंतराचा साधा हिशेब आहे. पुढे मुलांनी खेळात खणलेल्या खड्ड्यात तिचा पाय दुखावतो आणि हा हिशेब कोलमडतो. मुले तिला भेटण्यासाठी एवढे अंतर पायी तुडवतात. गावाचेही मन वळते. तरीही तिची नेमणूक मुख्य शाळेत होते, कारण भूशिरावर तिला राहावयास घर नाही आणि पायी येणे शक्य नाही. निष्ठा कमी पडली म्हणून ती गेली, असे कोणालाही म्हणता येणार नाही.

१९५३ साली जपानने दूरस्थ बेटांच्या विकासाचा कायदा केला आणि जून १९५४ मध्ये दुर्गम भागांतील शिक्षणाच्या संवर्धनाचा. त्याच वर्षी सप्टेंबरात केइसुके किनोशिता ह्यांचा ह्या कादंबरीवरील चित्रपट प्रदर्शित झाला. कादंबरीमुळे कायदा झाला असे म्हणण्याचा मोह मात्र आपण टाळला पाहिजे. क्रमिक घटना म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. पण दोघांनी पाहिलेले वास्तव एकच आहे. डोंगराळ भागातील वा बेटावरील शिक्षकासाठी निवास बांधणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य ठरले, आणि खर्चाचा काही भार शासनाने उचलला. शाळांची दुर्गमतेनुसार श्रेणी लावण्यात आली. बस-थांबा, दवाखाना, टपालकचेरी किती दूर, बेटावर बोट महिन्यातून किती वेळा येते, ह्यांवरून गुण ठरू लागले, आणि त्या श्रेणीप्रमाणे पगार व कुटुंबभत्ता ह्यांच्या बेरजेच्या २५ टक्क्यांपर्यंत विशेष भत्ता. ज्याला आपण एरवी 'सेवाभाव' म्हणून गौरवून मोकळे होतो, त्याची किंमत येथे किलोमीटरांत मोजली गेली. आम्हांला ह्या कायद्याचे मोठेपण ह्यातच दिसते.

परंतु कादंबरी येथे थांबत नाही. १९३४ साली ओइशि राजीनामा देते, तो अंतरामुळे नव्हे. वर्गातील मुलगे सैनिक होण्याची स्वप्ने पाहत आहेत आणि त्याविषयी मनातले बोलण्याची तिला मुभा नाही. घर आणि भत्ता दिला असता तरी ती राहिली नसती. युद्धात पती गमावल्यावर, १९४६ मध्ये, ती त्याच भूशिरावर परतते ती हंगामी शिक्षिका म्हणून. सायकल आता परवडत नाही. मुलगा तिला होडीतून शाळेत पोहोचवतो. एका पात्र शिक्षिकेला व्यवस्थेने दोनदा गमावले होते: एकदा अंतरापायी, एकदा भयापायी. कायद्याला त्यांपैकी पहिल्याचेच उत्तर देता आले.

लेखिकेच्या जन्मबेटावर, शोदोशिमावर, १९०२ साली बांधलेली भूशिराची शाळा आज जतन करून ठेवलेली आहे. चित्रपटामुळे ती प्रसिद्ध झाली. प्रवासी तेथील छोटी बाके पाहून हळवे होतात. शाळा म्हणून मात्र ती १९७१ सालीच बंद झाली. शिक्षकाला गावात राखण्याचा उपाय सापडला, तोवर गावातली मुलेच ओसरत चालली होती.