बोगद्यांतील वीज आणि तिचा पहारा

चंद्रपूरकडील वीज १९९९ सालापासून ७५२ किलोमीटर लांबीच्या वाहिनीनें भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत येते. वाटेंत ती रानांवरून व शेतांवरून उंच मनोऱ्यांच्या आधारें चालते. माणूस खालीं, तार वर आणि मध्यें मोकळी हवा, हेंच तिचें कुंपण. आगगाडीच्या बोगद्यांत मात्र हें कुंपण फार आखूड होतें.

महाराष्ट्रांत हा प्रश्न जी. आय. पी. रेल्वेच्या विद्युतीकरणाबरोबर उभा राहिला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबई ते कुर्ला अशी भारतांतील पहिली विजेची गाडी १,५०० व्होल्टच्या प्रवाहावर धांवली. १९३० पर्यंत तारा पारसिकचा बोगदा व बोरघाट ओलांडून पुण्यास पोंचल्या. घाटाचे मूळ काम १८५६ ते १८६३ या काळांतलें. त्यांतील बोगदे वाफेच्या गाडीच्या बेतानेंच खोदलेले. तेथें छतांतून पाणी पाझरतें, धुराची काजळी चिनी मातीच्या रोधकांवर बसते आणि ओल्या काजळीवाटे वीज भलतीकडे उतरूं शकते. शिवाय मजुराला बाजूस सरावयास जागा थोडी.

म्हणून तारकामाचा दंडक असा कीं, आधीं प्रवाह बंद करावा, मग तार जमिनीशीं जोडावी, मग लेखी परवाना घ्यावा आणि त्यानंतरच तारेस हात लावावा. परवाना परत आल्याखेरीज प्रवाह सोडावयाचा नाहीं.

पण सर्व कांहीं यथास्थित आहे, हें पाहावयाचें कोणीं? १८९० च्या रेल्वे कायद्यानें नवी चालकशक्ति वापरण्यास सरकारची पूर्वसंमति आणि नवा मार्ग उतारूंस खुला करण्यापूर्वीं निरीक्षकाची तपासणी आवश्यक ठरविली होती. परंतु १९०५ पासून हा निरीक्षक रेल्वे बोर्डाच्याच हाताखालीं होता. ज्याला मार्ग खुला करण्याची घाई, त्याच्याच सेवकानें 'थांबा' म्हणावयाचें! १९३७ च्या बिहटा येथील भीषण अपघातानंतर नेमलेल्या समितीनेंही १९३९ मध्यें हा दोष दाखविला आणि १९४१ मध्यें निरीक्षकवर्ग बोर्डापासून वेगळा झाला. १९६१ पासून तो रेल्वे सुरक्षा आयोग या नांवानें ओळखला जातो आणि आज तो रेल्वे खात्याखालीं नसून नागरी विमानवाहतूक खात्याखालीं आहे.

ही व्यवस्था वरवर विचित्र दिसते, पण तिच्यांतच शहाणपण आहे. परवाना देणारा असो कीं मार्ग तपासणारा असो, 'अजून नाहीं' असें निर्भयपणें म्हणण्याची त्याला मोकळीक हवी. अंधाऱ्या बोगद्यांत शिडीवर उभ्या असलेल्या कामगाराचा जीव आणि गाडींत निश्चिंत बसलेल्या उतारूंचे प्राण त्या दोन शब्दांवर अवलंबून असतात.