बारशाची पंगत आणि आपली पंगत

स्मरणिकेच्या संपादक मंडळातले दोघे घरी आले. "सर, तुम्ही इतिहासाचे. सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा." प्लॉट कधी पडले, नळ कधी आले, रस्ता कोणाच्या काळात झाला, हे सचिवांच्या अहवालात येईलच. मला लिहायचं आहे ते जेवणावळींबद्दल. त्यासाठी सुरुवात मात्र सव्वाशे वर्षं मागून करावी लागते.

गाडगेबाबा आपल्या अमरावतीकरांच्या रोजच्या वाटेवर आहेत. विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, समाधी गाडगेनगरात आहे. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, हे चित्र लहान पोरालाही ओळखू येतं. पण घर सोडण्याआधीचा डेबूजी आपल्या तेवढ्या ओळखीचा नाही. जन्म 23 फेब्रुवारी 1876 चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. वडील झिंगराजी दारूपायी गेले. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी आली, दापुऱ्याला. हे गाव अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातलं. म्हणजे बाबा जितके अमरावतीचे, तितकेच अकोल्याचे. तिथे मामाची गुरं राखली, शेती कसली. आणि तीच शेती सावकाराच्या घशात जाताना पाह्यली.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला जातगंगेला मटण आणि दारू द्यायची, ही रीत. घरात नसलं तर कर्ज काढायचं, पण पंगत उठवायची. ज्याच्या बापाला दारूनं नेलं आणि मामाला सावकारानं बुडवलं, त्या डेबूजीनं काय केलं? बारसं रद्द नाही केलं. लोकांना बोलावलं, पंगत बसवली आणि पानात गोडधोड वाढलं. दारू नाही, मटण नाही. मंडळी नाराज झाली. व्हायचीच. पण जेवली.

मी चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, तरी या प्रसंगातली खरी गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. त्यांनी पंगत मोडली नाही, पान बदललं. 1 फेब्रुवारी 1905 ला घर सोडल्यावरही बाबांची रीत हीच राहिली. लोकांना कीर्तन हवं होतं, त्यांनी कीर्तन ठेवलं. पण त्यात पुराणातल्या चमत्कारांऐवजी कर्ज, दारू, बोकडाचा नवस आणि पोरांची शाळा आणली, तीही आपल्या वऱ्हाडी बोलीत, समोरच्याला प्रश्न विचारत. लोक दान द्यायला तयार होते, त्यांनी दान घेतलं. पण त्यातून देवळांऐवजी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी 1949 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. आपल्या भागातून पेशंट घेऊन गेलेल्यांना तिची किंमत विचारा.

आता आमच्या घरचं सांगतो. आजोबा गेले तेव्हा बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावाला तेरवी दिली. कर्ज काढून. पुढचे तीन हंगाम कापूस आमच्या वावरात पिकत होता आणि पैसा दुसऱ्याच्या घरी जात होता. माझ्या मोठ्या बहिणीची शाळा त्यातच सुटली. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण मला माहीत आहे.

सोसायटीत राहायला आल्यावर सहाव्या वर्षी वडील गेले. मी ठरवलं, गावजेवण नाही. अकोल्याहून काकाजी आले होते. म्हणाले, "लोकं काय म्हंतीन? बापाले उपाशी धाडतं का?" त्या शब्दानं मी हललो, खोटं कशाला बोलू. रात्री अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो, तेव्हा शेजारच्या बिऱ्हाडातल्या वहिनींनी विचारलं, "भाऊ, जेवण नाहीच द्यायचं, का एवढं मोठं नाही द्यायचं?"

मग तेराव्या दिवशी आपल्या हॉलमध्ये साधं जेवण झालं. वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी, बुंदी. सोसायटीतल्या बायांनीच रांधलं. साठ-सत्तर पानं उठली. उरलेल्या पैशातून हॉलमागच्या खोलीत अभ्यासिकेसाठी टेबलं आणि खुर्च्या आल्या. मुलं आज जिथे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात ती हीच खोली. पुढे काही घरांनी तसंच केलं, काहींनी मोठी तेरवीही दिली. त्यांच्याकडे मी जेवून आलोय. रुसायचं कशाला!

काकाजी मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. पाणीही न घेता एस.टी.नं परत गेले आणि चार वर्षं बोलले नाहीत. ते चार वर्षं जड गेले. दिवाळीला फोन केला की काकू उचलायच्या, दोन शब्द बोलायच्या आणि ठेवून द्यायच्या.

काकू गेल्या तेव्हा मी गेलो. आठव्या दिवशी काकाजींनी मला ओसरीवर बोलावलं. बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग विचारलं, "तुमच्या तिकडं किती पानं उठले होते रे?" मी सांगितलं. गावजेवण त्यांनीही टाळलं नाही, गावाला बोलावलंच. पण एकाच वेळचं, वरणभात आणि बुंदी, आणि वावरावर एक रुपया कर्ज न काढता. वाढायला मला उभं केलं होतं.