लिनक्सवरील पंखा-नियंत्रण

लिनक्सवरील पंखा-नियंत्रण : संगणकातील पंख्यांचा वेग सर्वस्वी फर्मवेअरवर न सोपवता, लिनक्सच्या कर्नेलने खुल्या केलेल्या फाइलींमधून वापरकर्त्याने स्वतः किंवा एखाद्या प्रोग्रॅमकरवी ठरविणे. उद्देश बहुधा आवाज कमी करण्याचा असतो. क्वचित उलटही, म्हणजे कडक उन्हाळ्यात यंत्र अधिक थंड ठेवण्याचा. पंख्याने ढकललेली हवा वेगाच्या प्रमाणात बदलते, पण आवाज त्याहून झपाट्याने उतरतो : वेग निम्मा केला की सुमारे १५ डेसिबल. म्हणूनच वेगात थोडी कपात केली तरी कानाला मोठा फरक जाणवतो.

मदरबोर्डला जोडलेले पंखे तीन किंवा चार तारांचे असतात. तीन तारांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज घटवून कमी करतात. चार तारांच्या पंख्याला १२ व्होल्ट अखंड मिळत राहतात आणि चौथ्या तारेतून सुमारे २५ किलोहर्ट्झचे स्पंद जातात. स्पंद जितका जास्त वेळ चालू, तितका वेग अधिक. ही तार निखळली किंवा तिच्यातून सिग्नलच आला नाही, तर पंखा पूर्ण वेगाने फिरतो. इंटेलने आखून दिलेल्या मानकातील ही तरतूद या सगळ्या विषयात प्रमाण मानावी : बिघाड झालाच, तर तो पंखा जोरात फिरण्याच्या बाजूने व्हावा. वेग मोजणे आणि हुकूम देणे ही दोन्ही कामे मदरबोर्डवरील ‘सुपर आयओ’ चिप करते. न्यूवोटॉन आणि आयटीई या कंपन्यांच्या चिप सर्रास आढळतात. त्यांच्यासाठी कर्नेलमध्ये अनुक्रमे ‘एनसीटी६७७५’ व ‘आयटी८७’ हे ड्रायव्हर आहेत.

ड्रायव्हर चढला की ‘एचडब्ल्यूमॉन’ या विभागात चिपच्या नावाने फाइली दिसू लागतात. तापमानाची फाइल अंशाच्या हजाराव्या भागात आकडा देते, म्हणजे ४५००० वाचले तर ४५ अंश सेल्सिअस. पंख्याची फाइल मिनिटाचे फेरे सांगते. नियंत्रणाच्या फाइली दोन. ‘पीडब्ल्यूएम१’मध्ये ० ते २५५ मधील आकडा लिहायचा असतो, तो स्पंदाचे प्रमाण ठरवतो, फेरे नव्हे, त्यामुळे १२८ लिहिल्यावर वेग बरोबर निम्मा होईलच असे नाही. दुसरी, ‘एनेबल’ फाइल, ताबा कोणाकडे आहे ते सांगते : १ म्हणजे वापरकर्त्याकडे, २ किंवा त्यापुढचे आकडे म्हणजे चिपच्या एखाद्या स्वयंचलित पद्धतीकडे. येथे ० चा अर्थ ‘पंखा बंद’ नसून ‘नियंत्रण बंद’ असा आहे; ते लिहिल्यावर पंखा पूर्ण वेग घेतो. लिहिण्याचा अधिकार फक्त रूट वापरकर्त्याला असतो.

या सोयीची पायाभरणी ‘एलएम-सेन्सर्स’ या प्रकल्पाने १९९८ च्या सुमारास केली. फ्रोडो लॉईयार्ड व फिलिप एडेलब्रॉक हे त्याचे आरंभीचे लेखक. कर्नेलच्या २.६ या मालिकेपासून ड्रायव्हर मुख्य कर्नेलमध्ये आले आणि प्रकल्पाकडे वापरकर्त्याची साधने उरली. त्यांतील ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ यंत्रातील चिप हुडकते. हे हुडकणे नेहमीच निरुपद्रवी नव्हते : जुन्या काही थिंकपॅडमधील एक स्मृतिचिप अशा चाचपणीने बिघडत असे, आणि प्रकल्पाला तसा इशारा स्वतंत्रपणे द्यावा लागला होता.

‘पीडब्ल्यूएमकॉन्फिग’ एकेक पंखा थांबवून कोणती नियंत्रण-फाइल कोणत्या पंख्याची ते शोधते आणि मांडणीची फाइल तयार करते. ‘फॅनकंट्रोल’ ही शेल स्क्रिप्ट ती फाइल वाचून, ठरलेल्या अंतराने तापमान पाहून आकडे लिहीत राहते. मांडणीत सर्वांत जपून ठरवावे लागतात ते ‘मिनस्टार्ट’ आणि ‘मिनस्टॉप’, म्हणजे अनुक्रमे थांबलेला पंखा सुरू करणारा आणि फिरता पंखा फिरत ठेवणारा किमान आकडा. फिरत असलेला पंखा ज्या आकड्यावर फिरत राहतो, त्याच आकड्यावर थांबलेला पंखा सुरू होईल याची खात्री नसते. सुरुवातीला जास्त रेटा लागतो. हे दोन आकडे प्रत्येक पंख्यासाठी प्रत्यक्ष पाहून ठरवावेत. धूळ साचली, बेअरिंग झिजले की ते बदलतात, म्हणून थोडे चढेच ठेवणे शहाणपणाचे. कोणत्या तापमानाला किती वेग हे ठरवणारा, हिवाळ्यात आखलेला आलेखही मे महिन्यात पुन्हा तपासावा लागतो. विदर्भात बाहेरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा तापलेल्या खोलीत पंखा आत ओढतो ती हवाच गरम असते. आणखी एक अडचण म्हणजे ‘एचडब्ल्यूमॉन’मध्ये चिपला मिळालेले क्रमांक संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. फॅनकंट्रोल मांडणीतील चिपचे नाव व मार्ग ताडून पाहते आणि मेळ बसला नाही तर कामच सुरू करत नाही. ही अडवणूक त्रासाची वाटली तरी तीच योग्य आहे.

खरा धोका प्रोग्रॅम मध्येच बंद पडण्याचा. रीतसर थांबवल्यास फॅनकंट्रोल पंखे मूळ पद्धतीकडे किंवा पूर्ण वेगावर सोडते. पण ते जबरदस्तीने मारले गेले किंवा कर्नेलच गोठले, तर पंखा शेवटच्या आकड्यावर अडकून राहतो. प्रोसेसर तापला की आपला वेग घटवतो आणि अगदी मर्यादेला यंत्र बंद पाडतो, म्हणून तो सहसा वाचतो. त्याच हवेवर अवलंबून असलेली हार्ड डिस्क किंवा प्रोसेसरला वीज देणारा मदरबोर्डचा भाग मात्र अनेकदा कोणाच्याच आलेखात नसतो. डिस्कसाठी कर्नेल ५.६ पासून ‘ड्राइव्हटेम्प’ ड्रायव्हर आहे. तिचे तापमान आलेखात जरूर घ्यावे.

लॅपटॉपमध्ये पंखा एका वेगळ्या नियंत्रक चिपच्या ताब्यात असतो आणि प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. थिंकपॅडचा ड्रायव्हर ० ते ७ अशा पायऱ्या देतो, पण त्यासाठी ‘फॅन_कंट्रोल=१’ हा पर्याय आधी मुद्दाम द्यावा लागतो. त्यात १ ते १२० सेकंदांचा पहारेकरी लावता येतो : तेवढ्या वेळात नवा हुकूम आला नाही, तर ड्रायव्हर पंख्याला स्वतःहून सुरक्षित स्थितीत आणतो. मॅकबुकसाठी ‘एमबीपीफॅन’ हा प्रोग्रॅम आहे.

शक्य असेल तेथे प्रोग्रॅमने दर काही सेकंदांनी आकडे लिहिण्यापेक्षा आलेखच चिपच्या हवाली करणे केव्हाही चांगले. न्यूवोटॉनच्या अनेक चिपमध्ये ‘एनेबल’ला ५ लिहून ‘स्मार्ट फॅन ४’ पद्धत निवडता येते. तापमान व वेग यांच्या जोड्या फाइलींतून भरल्या की पुढचे काम चिप एकटी करते आणि लिनक्स गोठले तरी पंखा तापमानाला जागतो. एएमडीच्या आरएक्स ७००० मालिकेतील ग्राफिक्स कार्डांवर तर हाच मार्ग उरला आहे. तेथे थेट आकडा लिहून वेग ठरवता येत नाही, कर्नेल ६.७ पासून पाच बिंदूंचा आलेख कार्डाला देता येतो, त्यासाठी ड्रायव्हरमधील ओव्हरड्राइव्ह ही, कार्डाची मूळ मांडणी बदलू देणारी, सोय आधी सुरू करावी लागते. बिंदू लिहून झाल्यावर त्याच फाइलीत ‘सी’ हे अक्षर लिहिले की आलेख लागू होतो, आणि ‘आर’ लिहिले की कंपनीचा मूळ आलेख परत येतो.