युकुलेलेला जात नाही, पण गाण्याला नाव आहे

बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते, हे आपण अभिमानाने सांगतो. पण अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या शाळांत मुलांना युकुलेलेवर जुनी लोकगीते शिकवावीत, असा विषय आमच्यात निघाला तेव्हा पहिला सवाल आला : हे परदेशी वाद्य कशाला? आपली हलगी काय वाईट?

हलगी वाईट नाही. पण गावगाड्यात ती वाजवणे ही हौस नव्हती, जातीवर लादलेले काम होते. म्हणूनच मेलेली गुरे ओढणे सोडले, तसे अनेक गावांत आपल्या माणसांनी वाजवणेही सोडले आणि त्यासाठी बहिष्कार सोसला. पुढे शाहिरांनी हलगी-दिमडी पुन्हा हातात घेतली, ती स्वतःच्या मर्जीने. युकुलेलेला गावगाड्यात जागाच नाही. 1879 साली मदेरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर हवाईच्या उसाच्या मळ्यांत राबायला गेले, त्यांच्या छोट्या तंतुवाद्यातून ते घडले. मजुरांचेच वाद्य आहे हे! हवाईच्या लोकांनी ते आपले केले. पेटीही युरोपातूनच आली. 1940 पासून आकाशवाणीने तिला तीस वर्षे दाराबाहेर ठेवले. आपल्या गायनपार्ट्यांनी मात्र तिला कधी सोडले नाही.

चाल घेऊन आशय बदलणे तर आपलीच रीत. सत्यशोधकांनी आणि नंतर भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात प्रबोधन भरले. तेव्हा गाणी नव्या वाद्यावर बसवण्याला आमचा विरोध नाही. आमची धास्ती वेगळी आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी त्यात बाबासाहेब गायले आहेत. शाळेच्या वहीत यातले काय येईल? माहेर येईल, पाऊस येईल, भाऊराया येईल. भीम गळेल. खाली लिहिले जाईल ‘पारंपरिक’. वामनदादा कर्डकांची गाणीसुद्धा त्यांचे नाव न घेता गायली जाताना आम्ही ऐकली आहेत. नाव पुसले की गाणे कुणाचेही होते, आणि मग ते कुणाचे होते हे सांगायला आपल्यालाच भांडावे लागते.

ओवी चार-पाच सुरांत फिरते, त्यामुळे चार तारांवर ती नवशिक्यालाही जमेल. गळ्यातली ओढ मात्र पडद्यांवर निघत नाही. ती ऐकूनच घ्यावी लागते. म्हणून आमचे म्हणणे असे, की पहिला तास वस्तीतल्या आजीचा असावा, मानधनासकट. उल्हासनगरच्या वर्गात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबातली आजी लग्नातले लाडे गाईल, तेही शिकू. वहीत चालीच्या वर गाणारीचे नाव आणि गाव लिहावे, आणि तिने भीमाची ओवी गायली तर तीही पूर्ण उतरवून घ्यावी. शाळांपुढे आम्ही एवढ्याच अटी ठेवणार आहोत. तार कशी छेडायची, ते सरांनी दुसऱ्या तासाला शिकवावे.