व्यावसायिक कुस्तीतील संगनमत आणि चित्रपट

ज्या कुस्तीचा निकाल मल्ल आखाड्यात उतरण्यापूर्वीच ठरलेला असतो, तिला लबाडी म्हणावे की नाट्य, हा प्रश्न चित्रपटांनी गेली नव्वदहून अधिक वर्षे निरनिराळ्या रीतीने हाताळला आहे. आरंभीचे उत्तर सरळ होते. जॉन फोर्ड यांच्या ‘फ्लेश’ (१९३२) या चित्रपटात एका भोळ्या जर्मन मल्लाला अमेरिकेत आल्यावर ठरवून हरण्यास सांगण्यात येते. संगनमत हे येथे धंदेवाईकांनी सज्जनावर लादलेले पाप होय.

या विषयाचे खरे मर्म मात्र ज्यूल्स डॅसिन यांच्या ‘नाइट अँड द सिटी’ (१९५०) मध्ये सापडते. लंडनमधील कुस्त्यांचा सारा व्यापार क्रिस्टोच्या मुठीत आहे. त्याचा वृद्ध पिता ग्रेगोरियस हा ग्रीको-रोमन पद्धतीचा नामांकित मल्ल असून, मुलाने चालविलेल्या तमाशाची त्याला किळस आहे. हॅरी फेबियन नावाचा भामटा पितापुत्रांमधील या दुराव्याचेच भांडवल करतो. पुढे ग्रेगोरियस आणि ‘स्ट्रँग्लर’ यांची खरी झुंज जुंपते, ती तालमीत. तिला ना तिकीट, ना प्रेक्षकवर्ग. वृद्ध मल्ल ती जिंकतो आणि त्यानंतर लगेच मुलाच्या बाहूंत प्राण सोडतो. निकाली कुस्ती बाजाराबाहेरच होऊ शकते, हे दिग्दर्शकाने एका शब्दाचेही भाष्य न करता सांगितले आहे.

ग्रेगोरियसची भूमिका करणारे स्टॅनिस्लॉस झ्बिस्को हे स्वतः जगद्विख्यात पोलिश मल्ल होते. भारतीय वाचकांस त्यांचे नाव गामांमुळे परिचित आहे. १९१० साली लंडनमध्ये त्यांनी बहुतेक वेळ पालथे पडून राहून गामांशी बरोबरी साधली. १९२८ साली पतियाळा येथे मात्र गामांनी त्यांना एका मिनिटाच्या आत चीत केले. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना १५ एप्रिल १९२५ ची आहे. फिलाडेल्फिया येथे वेन मन या विजेत्याकडून झ्बिस्को यांनी हरावयाचे, असे ठरले होते. मन हा मूळचा फुटबॉलपटू. विजेतेपद त्याला व्यवस्थापकांनी बहाल केलेले होते. झ्बिस्को यांनी ठरलेले मोडून त्याला खरोखरच पाडले. तेव्हा पडद्यावर संगनमताचा तिटकारा करणारा हा पुरुष प्रत्यक्षात संगनमताच्या व्यवहारात मुरलेला होता, आणि त्याने केलेला करारभंगही निव्वळ सत्यप्रीतीतून घडला नव्हता. पुढच्याच महिन्यात ते विजेतेपद प्रतिस्पर्धी गटाच्या जो स्टेकरकडे गेले. चित्रपटातील ग्रेगोरियसचे निष्कलंकत्व हे इतिहास नव्हे. तरीही झ्बिस्को यांच्या देहाने त्या दृश्याला जी ग्वाही दिली आहे, ती कोणत्याही कसलेल्या नटाला देता आली नसती.

१९८९ साली एक चमत्कारिक विसंगती दिसून येते. त्या वर्षी वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे आपली कुस्ती हे करमणुकीचे प्रदर्शन असल्याचे मान्य केले, कारण क्रीडा म्हणून तिच्यावर असलेले शासकीय नियंत्रण आणि कर त्यांना नको होते. आणि त्याच वर्षी हल्क होगनला घेऊन त्यांनी काढलेला ‘नो होल्ड्स बार्ड’ कुस्तीला सर्वस्वी खरी मानून चालतो. चित्रपट म्हणून तो सामान्यच आहे.

डॅरेन अरोनॉफ्स्की यांच्या ‘द रेसलर’ (२००८) मध्ये प्रतिस्पर्धी सामन्यापूर्वी स्नेहाने डावपेच ठरवितात, आणि नायक मनगटाच्या पट्टीत दडविलेल्या पात्याने स्वतःचेच कपाळ चिरतो. रक्त खरे, वैर खोटे. येथे संगनमताचा निषेध उरलेला नाही. ती एका कारागिरीची रीत ठरते.

त्याच्या दहा वर्षे आधीचा पॉल जे यांचा ‘हिटमॅन हार्ट : रेसलिंग विथ शॅडोज’ (१९९८) हा माहितीपट इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक मोलाचा वाटेल. ९ नोव्हेंबर १९९७ रोजी माँट्रियल येथे ब्रेट हार्टने हार कबूल केलेली नसताना संस्थाचालक व्हिन्स मॅकमॅहन यांनी घंटा वाजविण्यास लावून त्याचे विजेतेपद काढून घेतले. १९२५ साली मल्लाने मालकांचा करार मोडला होता. येथे मालकाने मल्लाचा मोडला. सामन्यापूर्वी दोघांत झालेले बोलणे हार्टच्या अंगावरील छुप्या ध्वनिग्राहकाने टिपले होते, आणि ते या माहितीपटात ऐकावयास मिळते. फिलाडेल्फियातील कराराविषयी असा पुरावा नाही. तेथे मार्कस ग्रिफिन यांच्या ‘फॉल गाइज’ (१९३७) सारख्या नंतरच्या कथनांवरच विसंबावे लागते.