आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, मग बीडच्या एजंटांना घोर का लागलाय?

बीड जिल्ह्यात कुणी "विमा आला का?" असं विचारलं, तर तो पीक विम्याबद्दलच विचारतोय असं समजायचं. २०२० च्या खरिपात इथं पीक विमा उतरवायला कंपनीच पुढं येत नव्हती, त्यातून 'बीड पॅटर्न' निघाला. २०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा आला आणि २०२५ च्या खरिपात तो बंदही झाला. विम्याचे नियम बघता बघता बदलतात, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता तीच वेळ आरोग्य विमा विकणाऱ्या एजंटांवर आली आहे. ग्राहकाचा हप्ता स्वस्त झाला, एजंटाचं कमिशन मात्र कमी झालं. पुढं काय होणार, याचं पक्कं उत्तर त्यांना मिळत नाही.

नेमकं झालं काय?

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेची ५६ वी बैठक झाली. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य करायचं तिथं ठरलं आणि २२ सप्टेंबरपासून ते लागू झालं. फॅमिली फ्लोटर आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पॉलिसीही यात आल्या. नोकरीच्या ठिकाणी मिळणारा गट विमा मात्र यात नाही.

म्हणजे अंबाजोगाईतल्या एखाद्या दुकानदाराच्या पॉलिसीचा मूळ हप्ता २०,००० रुपये असेल, तर आधी त्याला २३,६०० भरावे लागत होते. आता २०,००० भरायचे. यात एजंटाचं काय बिघडलं?

मेख आहे 'इनपुट टॅक्स क्रेडिट'मध्ये. ऑफिसचं भाडं, सॉफ्टवेअर, जाहिरात आणि एजंटाचं कमिशन, या सगळ्यावर विमा कंपनीला जीएसटी भरावा लागतो. पूर्वी ही रक्कम ती ग्राहकांकडून गोळा केलेल्या जीएसटीतून वळती करून घ्यायची. आता ग्राहकाकडून जीएसटी घ्यायचाच नाही, तर वळती कशातून करणार? खर्चावरचा कर मात्र चालूच आहे. हा बोजा कुणीतरी उचलायला हवा: कंपनी, ग्राहक नाहीतर एजंट. ऑक्टोबर २०२५ पासून बऱ्याच कंपन्यांनी तो एजंटाकडं सरकवला आणि "तुमचं कमिशन यापुढं जीएसटीसह धरलं जाईल" असं कळवलं.

हिशोब बघा. २०,००० च्या हप्त्यावर १५ टक्के धरले तर कमिशन ३,००० रुपये. त्यातच १८ टक्के जीएसटी धरला की एजंटाच्या हातात येतात साधारण २,५४२. एका पॉलिसीमागं ४५८ रुपये गेले, म्हणजे कमाई १५ टक्क्यांहून थोडी जास्तच घटली. आणि हे फक्त नव्या पॉलिसीचं नाही. नूतनीकरणाच्या कमिशनलाही तेच गणित लावलं, तर दहा वर्षं जमवलेल्या ग्राहकांवरची कमाईही खाली येते.

कंपनीला असं करता येतं का?

येतं. एप्रिल २०२३ पर्यंत विमा नियामक प्राधिकरणानं, म्हणजे आयआरडीएआयनं, कमिशनची टक्केवारीच ठरवून दिलेली होती. वैयक्तिक आरोग्य विम्यासाठी कमाल मर्यादा १५ टक्के. त्यानंतर ही वेगवेगळी मर्यादा निघाली. कंपनीच्या संचालक मंडळानं धोरण ठरवायचं, एकूण खर्च मात्र मर्यादेत ठेवायचा: सर्वसाधारण विमा कंपन्यांना हप्त्याच्या ३० टक्के, फक्त आरोग्य विमा करणाऱ्यांना ३५ टक्के. त्या वेळी अनेकांना वाटलं, चला, आता कमिशन वाढेल. पण मोकळीक कमी करायलाही असते, याचा विचार फारसा झाला नाही. आज एजंटानं बोट ठेवून दाखवावा असा किमान कमिशनचा आकडाच नियमात नाही.

आयुर्विम्यात हे आधी घडलंच होतं. पॉलिसी मध्येच मोडणाऱ्याला जास्त पैसे परत देण्याचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून आला, तेव्हा एलआयसीनं पहिल्या वर्षाचं कमिशन ३५ वरून २८ टक्क्यांवर आणलं. बीडसारख्या जिल्ह्यात एकच माणूस आयुर्विमा, गाडीचा विमा आणि आरोग्य विमा असं सगळं विकतो, त्यामुळं वर्षभरात दोनदा फटका बसलेले एजंटही असणार.

विमा कायद्यात डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं दुरुस्ती केली. परकीय गुंतवणूक १०० टक्के खुली झाली. एका एजंटाला एकाच प्रकारच्या अनेक कंपन्यांच्या पॉलिसी विकता याव्यात, ही सूचना बरीच चर्चेत होती, पण त्या दुरुस्तीत ती आली नाही. त्यामुळं आरोग्य विम्याची एक कंपनी धरली की तिनं कमिशन कापलं तरी दुसरीकडं पटकन जाता येत नाही. दुसरीकडं ऑनलाइन खरेदीसाठी 'बिमा सुगम' हा सगळ्या कंपन्यांचा एकत्र बाजार उभा राहतोय. त्यात गावातल्या एजंटाला किती जागा राहील, हा खरा घोर आहे.

काम मात्र वाढलंय

२०२४ मध्ये आरोग्य विम्याचे बरेच नियम ग्राहकाच्या बाजूनं बदलले. आधीपासूनच्या आजारांसाठीची कमाल प्रतीक्षा चार वर्षांवरून तीन झाली. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याचं कारण देऊन दावा नाकारता येत नाही. कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. नियम चांगलेच आहेत. पण छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यात रात्री मंजुरी अडकली, की नातेवाईक फोन कंपनीला करत नाहीत, एजंटाला करतात. या धावपळीचं वेगळं कमिशन नसतं.

शिवाय समोरचा विचारतो, "पाच लाखांचं सरकारी कार्ड आहे, मग पॉलिसी कशाला?" प्रश्न चुकीचा नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे आणि अनेकांना ती पुरतेही. पण ती ठरलेल्या उपचारांसाठी, ठरलेल्या रुग्णालयांतच चालते. हा फरक समजावून सांगायला तास जातो. ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये ठेवी अडकल्यापासून तर जिल्ह्यात कुणाच्याही हातात चेक देताना माणूस दहादा विचार करतो.

तुमची पॉलिसी असेल तर

कमिशन कापलं म्हणून तुमचं संरक्षण कमी होत नाही. एजंटानं काम सोडलं तरी पॉलिसी चालू राहते, कारण करार कंपनीशी आहे. धोका वेगळाच आहे. नूतनीकरणाची आठवण करून देणारा माणूस गेला आणि सवलतीचे दिवस, वार्षिक हप्त्यासाठी ते ३० असतात, निघून गेले, तर तीन आणि पाच वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. तारीख स्वतःच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

"हप्त्यातले थोडे मी भरतो, पॉलिसी माझ्याकडूनच घ्या" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. कमिशनमधून सूट देणं विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार गुन्हा आहे आणि दंड १० लाखांपर्यंत होऊ शकतो. घेणाऱ्यालाही ते कलम लागू आहे.

दावा अडला तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं जाता येतं. बीड जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतो. वकील लागत नाही, फी नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा तिथं होऊ शकतो. आयआरडीएआयच्या तक्रार कक्षाचा टोल फ्री नंबर १५५२५५ आहे.